किंग टबी : थापेला घुमारा देणारा कारागीर

स्टुडिओत ड्रमवर पडलेली थाप आणि रेकॉर्डवर आपल्या कानी येणारी थाप या दोन वेगळ्या गोष्टी असतात. मधल्या वाटेवर कोणीतरी तिच्यातला खर्ज कमी-जास्त केलेला असतो, तिच्यामागे घुमारा जोडलेला असतो किंवा तिचा प्रतिध्वनी लांबवलेला असतो. आज ही कामे मोबाइलवरही होतात आणि त्याचे कोणाला नवल वाटत नाही. सुमारे पन्नास वर्षांपूर्वी मात्र जमैकाची राजधानी किंग्स्टन येथील एका गरीब वस्तीत, आईच्या घरातील एका खोलीत बसून, दुसऱ्या स्टुडिओने काढून टाकलेल्या यंत्रावर एका माणसाने हे काम अशा कौशल्याने केले, की ध्वनितंत्रज्ञ हाही कलावंत असू शकतो, हे जगाला मान्य करावे लागले. त्यांचे नाव ऑस्बर्न रडॉक. संगीताचे जग त्यांना किंग टबी या नावाने ओळखते.

टबी गायक नव्हते, वादक नव्हते, रूढ अर्थाने संगीतकारही नव्हते. ते रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्त करीत. तरीही गेल्या शतकातील लोकसंगीताची दिशा बदलणाऱ्या मोजक्या माणसांत त्यांची गणना होते. ६ फेब्रुवारी हा त्यांचा स्मृतिदिन. त्यानिमित्त या विलक्षण कारागिराच्या आयुष्याची आणि कामाची ही ओळख.

दुरुस्तीच्या टेबलावरून

टबी यांचा जन्म २८ जानेवारी १९४१ रोजी किंग्स्टन येथे झाला. जमैका तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होती; तिला स्वातंत्र्य मिळाले ते ऑगस्ट १९६२ मध्ये. आईच्या माहेरच्या टबमन या आडनावावरून त्यांना टबी हे नाव पडले, असे सांगतात. तरुणपणी ते शहराच्या पश्चिमेकडील वॉटरहाउस या वस्तीत राहू लागले आणि पुढे त्यांचे सारे काम याच वस्तीत झाले.

उपजीविकेसाठी त्यांनी विजेच्या उपकरणांची दुरुस्ती पत्करली. त्या काळच्या किंग्स्टनमध्ये या धंद्याला एक खास गिऱ्हाईक होते. घरात रेकॉर्ड प्लेअर घेणे सामान्य माणसाला परवडत नसे. त्यामुळे संध्याकाळी मोकळ्या जागेत मोठमोठे ध्वनिक्षेपक मांडून, तबकड्या वाजवून नाचाचा कार्यक्रम करण्याची प्रथा तेथे रुजली होती. या फिरत्या संचाला साउंड सिस्टिम म्हणत. कोणाचा आवाज अधिक दणदणीत आणि कोणाकडे इतरांकडे नसलेली तबकडी, यावर गर्दी कोणाकडे जाणार हे ठरे. स्पर्धा इतकी तीव्र होती, की प्रतिस्पर्ध्याच्या यंत्रांची नासधूस करण्यापर्यंत काहींची मजल जाई. उरलेली मोडतोड कॅरिबियन हवामान करी. बिघडलेले हे संच दुरुस्तीसाठी टबी यांच्याकडे येत.

दुरुस्ती करता करता ते अँप्लिफायर स्वतः बांधू लागले, त्यांच्यासाठी लागणारे ट्रान्सफॉर्मर गुंडाळू लागले. कोणता ध्वनी कोणत्या मार्गाने जातो, कोठे अडतो आणि कोठे फाटतो, याचे ज्ञान त्यांना हाताने मिळाले. पुढे त्यांनी स्वतःची साउंड सिस्टिम उभी केली. तिचे नाव टबीज होमटाउन हाय-फाय. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात तिचा किंग्स्टनमध्ये दबदबा होता. खर्ज भरदार आणि वरचे स्वर स्वच्छ, ही तिची ओळख. शिवाय कार्यक्रम चालू असतानाच आवाजाला घुमारा आणि प्रतिध्वनी देण्याची सोय तिच्यात होती. नाचणाऱ्या लोकांसाठी हा अनुभव नवा होता. या संचावर तबकडीच्या तालावर बोलणारा निवेदक म्हणजे यू-रॉय. पुढे १९७० मध्ये त्याच्या स्वतःच्या रेकॉर्ड जमैकात गाजल्या.

गाणे गेले, ताल उरला

याच सुमारास टबी ड्यूक रीड या बड्या निर्मात्याच्या ट्रेझर आइल स्टुडिओत तबकडी कापण्याचे काम करू लागले. टेपवरचे ध्वनिमुद्रण यंत्राच्या सुईने मऊ लेप दिलेल्या चकतीवर कोरायचे, हे ते काम. अशी एखाद-दुसरीच प्रत साउंड सिस्टिमच्या मालकाला दिली जाई. तिला डबप्लेट म्हणत.

साठच्या दशकाच्या अखेरीस तेथे एक प्रसंग घडला. जमैकाच्या संगीतात त्याची आठवण अजून सांगितली जाते. स्पॅनिश टाउन येथील साउंड सिस्टिमचे मालक रडी रेडवूड यांच्यासाठी पॅरागॉन्स या गायकवृंदाच्या एका गाण्याची डबप्लेट कापली जात होती. तंत्रज्ञ बायरन स्मिथ यांच्याकडून गायनाचा मार्ग चालू करायचा राहून गेला आणि तबकडीवर नुसते वाद्यसंगीत उतरले. रेडवूड यांनी ती टाकून दिली नाही. नाचाच्या वेळी आधी मूळ गाणे वाजवून त्यामागोमाग त्यांनी ही बिनगाण्याची तबकडी लावली. लोकांनी गाळलेले शब्द स्वतः म्हणायला सुरुवात केली.

या चुकीतून एक चाल पडली. रेकॉर्डच्या एका बाजूस गाणे आणि दुसऱ्या बाजूस त्याच गाण्याचे केवळ वाद्यसंगीत छापले जाऊ लागले. या दुसऱ्या बाजूला व्हर्शन म्हणत. निर्मात्यांनाही ते सोयीचे होते, कारण दुसऱ्या बाजूसाठी नवे गाणे ध्वनिमुद्रित करण्याचा खर्च वाचे. टबी यांनी मात्र त्यात बचतीपलीकडचे काही पाहिले. गायन सरसकट काढून टाकण्याऐवजी ते क्षणभर आणावे, मध्येच तोडावे, वाद्ये एकेक करून बाजूला सारावीत आणि अखेरीस ड्रम व बास गिटार एवढेच उघडे ठेवावे, असे प्रयोग त्यांनी सुरू केले. गाण्याच्या मागे उभा राहणारा ताल आता गाण्याच्या जागी आला. या संगीतप्रकाराला पुढे डब हे नाव मिळाले.

चार मार्गांचे यंत्र

सत्तरच्या दशकाच्या आरंभी टबी यांनी वॉटरहाउसमधील १८, ड्रॉमिली अव्हेन्यू या आपल्या आईच्या घरात छोटा स्टुडिओ थाटला. घरातील एका खोलीत यंत्रे आली आणि गायकाने उभे राहण्यासाठी न्हाणीघराचा उपयोग होऊ लागला. किंग्स्टनमधील डायनॅमिक साउंड्स या मोठ्या स्टुडिओने नवी यंत्रसामग्री आणली, तेव्हा त्यांचा जुना चार मार्गांचा एमसीआय मिक्सर निर्माते बनी ली यांच्या मध्यस्थीने टबी यांच्याकडे आला.

या जागेत ड्रमचा संच मांडून वाजवण्याइतकी सोय नव्हती. निर्माते दुसऱ्या स्टुडिओत वादकांकडून ध्वनिमुद्रण करून घेत आणि ती टेप घेऊन टबी यांच्याकडे येत. टेपवर मार्ग चारच. साधारणपणे एकावर ड्रम, दुसऱ्यावर बास, तिसऱ्यावर गिटार, कळफलक व फुंकवाद्ये आणि चौथ्यावर गायन अशी विभागणी असे. म्हणजे बेस ड्रम, स्नेअर, हाय-हॅट आणि झांजा हा सगळा संच एकाच मार्गात मिसळलेला. आजच्या स्टुडिओत ड्रमच्या प्रत्येक भागाला स्वतंत्र मायक्रोफोन आणि स्वतंत्र मार्ग असतो. त्यामुळे फक्त स्नेअरला घुमारा द्यायचा झाल्यास तेवढाच मार्ग निवडता येतो. टबी यांना ती मुभा नव्हती. एकजीव झालेल्या या ध्वनीतून त्यांना हवी ती थाप वेगळी काढायची होती. त्यासाठी त्यांनी तीन साधने वापरली.

पहिले साधन म्हणजे मिक्सरवरील फिल्टर. त्याच्या मोठ्या बटणाला ७० हर्ट्झपासून ७,५०० हर्ट्झपर्यंत टप्पे होते. ज्या टप्प्यावर बटण ठेवावे, त्याच्या खालचा खर्ज गळून पडे. बटण खालच्या टोकाला असताना ड्रमचा भरीव आवाज जवळजवळ पूर्ण ऐकू येई. ते वर फिरवत नेले, की आधी बेस ड्रमचा दणका नाहीसा होई, मग स्नेअरचे अंग सुटे आणि शेवटी झांजांची सळसळ तेवढी शिल्लक राही. गोमंतकीय वाचकाला हे घुमटाच्या उदाहरणाने चटकन कळेल. घुमटवादक एका हाताने चामड्यावर थाप मारतो आणि दुसऱ्या हाताने मातीच्या भांड्याचे मागील तोंड झाकत-उघडत आवाजाचा पोत बदलतो. थाप तीच, वेगळे होते ते तिचे अंग. टबी हेच काम विजेच्या साहाय्याने आणि ड्रम वाजवून झाल्यानंतर करीत.

दुसरे साधन म्हणजे स्प्रिंगचा घुमारा. त्यासाठी त्यांच्याकडे फिशर कंपनीची छोटी पेटी होती. ध्वनीची कंपने धातूच्या स्प्रिंगमधून पाठवली, की ती मागे-पुढे आदळत राहतात आणि दुसऱ्या टोकाला मोठ्या दालनातल्यासारखा घुमारा मिळतो. अमेरिका व इंग्लंडमधील मोठ्या स्टुडिओंकडे यासाठी खास बांधलेल्या खोल्या किंवा पोलादी पत्र्याची मोठी यंत्रे असत. त्यांच्या तुलनेत स्प्रिंग हा स्वस्त पर्याय. त्यात एक खोटही होती. स्नेअरसारखा अचानक येणारा ठोका तिच्यावर पडला, की स्प्रिंग धातूसारखी झणाणून उठे. इतर तंत्रज्ञ हा दोष लपवू पाहत. टबी यांनी तो पुढे आणला. त्यांच्या ध्वनिमिश्रणातील स्नेअर ऐकताना रिकाम्या गोदामात पत्रा आदळल्याचा जो भास होतो, तो या खोटीचाच परिणाम. कधी ते त्या पेटीलाच धक्का देत. आत स्प्रिंग हिंदकळे आणि रेकॉर्डवर मेघगर्जना उमटे.

तिसरे साधन टेपच्या प्रतिध्वनीचे. टेपरेकॉर्डरमध्ये ध्वनी मुद्रित करणारा भाग आणि तो वाचणारा भाग यांत थोडे अंतर असते. टेप सेकंदाला साडेसात इंच वेगाने धावत असेल आणि अंतर दोन इंच असेल, तर मूळ ध्वनीनंतर सुमारे पाव सेकंदाने त्याची प्रत ऐकू येते. ती प्रत पुन्हा यंत्रात सोडली, की प्रतीची प्रत, तिचीही प्रत अशी रांग लागते. ही पुनरावृत्ती किती मोकळी सोडायची, हे हाताने सांभाळावे लागते. थोडी जास्त झाली, तर ती वाढत जाऊन सारे संगीत गिळून टाकते.

ड्रमचा मार्ग एकच असल्यामुळे खरी कसोटी वेळेची होती. एकाच स्नेअरच्या ठोक्याला प्रतिध्वनी हवा असेल, तर तो ठोका पडण्याच्या क्षणी फेडर वर ढकलायचा आणि पुढचा ठोका येण्याआधी खाली ओढायचा. जरा उशीर झाला, की हाय-हॅटही सोबत ओढली जाणार. हालचाली लक्षात ठेवून त्या आपोआप पुन्हा करणारी यंत्रे त्या स्टुडिओत नव्हती. टेप सुरू झाली, की शेवटपर्यंत दोन्ही हात चालत राहत. त्यामुळे टबी यांचे प्रत्येक ध्वनिमिश्रण हे एक वादनच असे आणि एकाच टेपवरून केलेली दोन मिश्रणे तंतोतंत सारखी नसत. प्रत्येक साउंड सिस्टिमला आपली वेगळी तबकडी हवी असे. ती गरज या पद्धतीने सहज भागली.

दोन वादक, एक तंत्रज्ञ

अशा कामाला चांगल्या वादनाचा पाया लागतोच. टबी यांच्या सुदैवाने त्या काळात किंग्स्टनमध्ये असामान्य ड्रमवादक होते. बॉब मार्ली यांच्या वेलर्स संचातील कार्लटन बॅरेट हे त्यांतील अग्रणी. चार मात्रांच्या आवर्तनात पहिल्या मात्रेवर जोर देण्याची पाश्चात्त्य सवय सोडून तिसऱ्या मात्रेवर बेस ड्रम आणि स्नेअर एकत्र टाकण्याची पद्धत त्यांच्या हातून विशेष खुलली. तिला वन ड्रॉप म्हणतात. पहिली मात्रा रिकामी राहिल्याने तालात मोकळी जागा तयार होते. प्रतिध्वनीला वावरायला अशीच जागा लागते.

जेकब मिलर यांनी गायिलेल्या एका प्रेमगीताचे टबी यांनी केलेले ध्वनिमिश्रण ‘किंग टबी मीट्स रॉकर्स अपटाउन’ या नावाने प्रसिद्ध झाले. निर्माते आणि मेलोडिकावादक ऑगस्टस पाब्लो यांची ही निर्मिती. ड्रमवर बॅरेट आणि बासवर रॉबी शेक्सपियर होते. टबी यांनी मिलर यांच्या गायनाचे तुकडे तेवढे ठेवले. बॅरेट यांनी ओळींच्या मध्ये टाकलेले छोटे तुकडे प्रतिध्वनीत सोडून दिले. ते दूर जाऊन विरत असतानाच पुढची थाप कोरडी आणि अगदी कानाशी येते. दूर आणि जवळ यांचा हा खेळ हेच त्या रचनेचे सौंदर्य. १९७६ मध्ये याच नावाचा संग्रह निघाला आणि डब संगीतातील श्रेष्ठ कृतींत आजही त्याचे नाव घेतले जाते. त्याआधी १९७३ मध्ये ली पेरी यांच्यासोबतच्या ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ या संग्रहातही टबी यांचा हात होता.

दुसरे वादक म्हणजे बनी ली यांच्या वादकवृंदातील कार्लटन डेव्हिस, सर्वांचे सँटा. १९७४ च्या सुमारास त्यांनी हाय-हॅटची जोडी ठोक्यांच्या मधल्या जागी उघडून लगेच मिटण्याची लकब रूढ केली. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या सोल संगीतातून ती आली होती. जमैकात तिला उडत्या झांजा असे नाव पडले. टबी यांच्या फिल्टरला हा ध्वनी विशेष मानवला. खर्ज पूर्ण काढून ती सळसळ एकटी ऐकवायची आणि मग बेस ड्रम व बास एकदम परत सोडायचे, ही युक्ती त्या काळच्या अनेक रेकॉर्डवर ऐकू येते.

श्रेयाचा हिशेब

टबी यांचे गुणगान करताना एक गोष्ट नजरेआड होऊ नये. त्या काळच्या जमैकात वादकाला एका गाण्यामागे ठरावीक रक्कम मिळे आणि तेथे त्याचा संबंध संपे. टेप निर्मात्याच्या मालकीची. त्याच तालावर पुढे वेगवेगळे गायक गात, निवेदक बोलत, तंत्रज्ञ डब करीत. एकदा वाजवलेला ठोका अशा रीतीने अनेक तबकड्यांवर विकला जाई. वाजवणाऱ्याच्या पदरात मात्र पहिल्या दिवसाच्या मजुरीपलीकडे सहसा काही पडत नसे. तंत्रज्ञाची स्थितीही फारशी वेगळी नव्हती. टबी यांचे नाव रेकॉर्डच्या वेष्टनावर ठळक छापले जाई, कारण त्या नावावर इंग्लंडपर्यंत खप होई. पण मूळ ध्वनिमुद्रणाचे हक्क निर्मात्यांकडेच राहत.

त्यामुळे रेकॉर्डवरचा तो घुमणारा ठोका नेमका कोणाचा, हा प्रश्न उरतो. बॅरेट किंवा सँटा यांच्या मनगटाशिवाय टबी यांच्या हाती काहीच नव्हते. टबी नसते, तर तो ठोका गाण्याच्या मागेच राहिला असता. डब संगीताने या दोघांनाही रेकॉर्डच्या मध्यभागी आणले. पैशाच्या हिशेबात मात्र दोघेही मागे राहिले.

गुरू आणि शिष्य

टबी स्वभावाने शांत आणि कमालीचे टापटिपीचे होते, असे त्यांच्यासोबत काम केलेले लोक सांगत. ते जॅझचे चाहते होते. आपली विद्या त्यांनी झाकून ठेवली नाही. फिलिप स्मार्ट, प्रिन्स जॅमी या नावाने ओळखले जाणारे लॉइड जेम्स आणि सायंटिस्ट हे नाव धारण केलेले हॉप्टन ब्राउन हे त्यांच्या हाताखाली तयार झाले. सायंटिस्ट प्रथम आले ते अँप्लिफायरच्या कामासाठी. दुरुस्तीच्या टेबलावरून मिक्सरपर्यंतचा गुरूचाच प्रवास त्या मुलाने पुन्हा केला.

१९८५ मध्ये मात्र शिष्याने काळ बदलला. जॅमी यांनी वेन स्मिथ या गायकाचे ‘अंडर मी स्लेंग टेंग’ हे गाणे काढले. त्यात ड्रमवादक नव्हता, बासवादकही नव्हता. कॅसिओ कंपनीच्या एका छोट्या कळफलकात आधीच भरलेला ताल, हाच त्याचा आधार. गाणे तुफान गाजले आणि जमैकातील निर्माते भराभर यंत्रांच्या तालाकडे वळले. वादकांचे काम आटले. टबी यांनी या बदलाशी भांडण मांडले नाही. त्याच सुमारास त्यांनी वॉटरहाउसमध्ये अधिक मोठा स्टुडिओ उभारला, नवे तरुण तंत्रज्ञ हाताशी घेतले आणि संगणकीय तालावरची गाणी काढली. त्यांतील अँथनी रेड रोझ यांचे ‘टेंपो’ हे गाणे विशेष गाजले.

घराच्या दाराशी

ऐंशीच्या दशकातील किंग्स्टन हे हिंसाचाराने होरपळलेले शहर होते. १७ एप्रिल १९८७ रोजी कार्लटन बॅरेट यांची त्यांच्या घरासमोर गोळ्या घालून हत्या झाली. पावणेदोन वर्षांनी तीच पाळी टबी यांच्यावर आली. ६ फेब्रुवारी १९८९ च्या रात्री वॉटरहाउसमधील काम आटोपून ते ड्युहेनी पार्क येथील आपल्या घरी परतले असता दाराशीच त्यांच्यावर गोळी झाडण्यात आली. तेव्हा ते ४८ वर्षांचे होते. लुटीच्या हेतूने हे कृत्य झाले असावे, असे मानले जाते. पण मारेकरी कोण, याचा उलगडा आजतागायत झालेला नाही. वन ड्रॉपचा वादक आणि त्याच्या थापांना घुमारा देणारा तंत्रज्ञ, दोघांचाही शेवट असा आपापल्या दाराशी झाला.

वॉटरहाउसच्या त्या घरातील एमसीआय मिक्सर पुढे अमेरिकेतील सिएटल येथील संगीत-संग्रहालयात पोहोचला. एका स्टुडिओने जुना झाला म्हणून काढलेले यंत्र काचेआड जपून ठेवावेसे वाटणे, यातच टबी यांच्या कामाची किंमत दिसते. एका गाण्याची नवनवी रूपे करण्याची आज सर्वत्र रूढ झालेली रीमिक्सची पद्धत मोठ्या प्रमाणात डब संगीतातून पुढे आली. गोव्याच्या किनाऱ्यावर रात्री वाजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक संगीतात खर्ज अचानक काढून घेतला जातो, श्रोते ताटकळतात आणि मग तो एकदम परत येतो, तेव्हा तेथे ड्रॉमिली अव्हेन्यूवरच्या त्या खोलीतील युक्तीच वापरली जात असते. पुढच्या वेळी असा ठोका दूर जाऊन विरताना ऐकू आला, तर तो वाजवणाऱ्या हाताबरोबर फेडर सरकवणाऱ्या हाताचीही आठवण ठेवावी.